भोकरवाडीचं पाणी

गोरक्षनाथ पालव्यांना गळका नळ सहन होत नसे. कुणाकडे चहाला बसले आणि मोरीतून टिपटिप ऐकू आली, की यजमानाचं बोलणं अर्ध्यावर सोडून ते उठत आणि नळाची मान आवळायला जात. सावेडीतल्या त्यांच्या गल्लीनं सुरुवातीला हे कौतुकानं घेतलं. मग लोक शहाणे झाले. साहेब येताना दिसले की आधी नळ बघायचे आणि मग दार उघडायचे. पुढे दार उघडणंही कमी झालं. फुकटात नळ दुरुस्त करून मिळाला तर कुणाला नको असतो? पण प्रत्येक वॉशरबरोबर पाण्याच्या काटकसरीवर व्याख्यान ऐकायला माणसाकडे तेवढा वेळ पाहिजे.

वेळ होता तो एकट्या साहेबांकडेच. माधुरीताई गेल्यापासून घर मोठं वाटायला लागलं होतं. मुलगी दिशा बंगळुरूला, तिची नोकरी, तिचा संसार, रविवारी फोन. तिनं आता हट्टच धरला होता की बाबा, घर भाड्यानं द्या आणि इकडे या. साहेबांनी होकारही दिला होता. कपाटं रिकामी करायला घेतली होती. पण जाण्याआधी त्यांना एक काम उरकायचं होतं आणि त्या कामाच्या विचारानं सत्तरी ओलांडलेला तो माणूस परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखा तीच तीच वाक्यं घोकत होता. त्यांना भोकरवाडीला, आपल्या थोरल्या बहिणीकडे जायचं होतं.

बायडाबाई त्यांच्याकडे यायची बंद झाली, त्याला वीस वर्षं होत आली होती.

बहीण म्हणायची ती रीत म्हणून, नाहीतर ती आईच होती. आईबाप, म्हणजे रंभाजी पालवे आणि त्यांची कारभारीण, दसरा झाला की कोयता घेऊन कोपरगावकडे ऊसतोडीला जायचे. बरोबर ही दोन पोरं. आईबाप फडात ऊस तोडत असले की पाचटाच्या झोपडीत, कोपीत, धाकट्याला सांभाळायचं, भाकरी थापायची आणि वर त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवायचं, हे सगळं बायडाबाईनं केलं. स्वतःला अक्षरओळख नव्हती. पण पोरगं गिरवतंय की टंगळमंगळ करतंय हे तिला पाठीमागूनही कळायचं. एका वर्षी तिनं बापाला निक्षून सांगितलं, की याला आता फडावर न्यायचं नाही, वसतिगृहात ठेवायचं. बाप म्हणाला, एक हात कमी होईल. ती म्हणाली, मी दोघांचं तोडीन. आणि लग्न होऊन भोकरवाडीला जाईपर्यंत तिनं ते खरं करून दाखवलं.

त्या वसतिगृहातून गोरक्षनाथ निघाले ते थेट पाटबंधारे खात्यात अभियंता होऊनच थांबले. मग बदल्यांचा फेरा सुरू झाला. भंडारदऱ्याला धुक्यात आणि पावसात कपडे वाळायचे नाहीत अशा क्वार्टरमध्ये त्यांचा संसार लागला, पुढे कोपरगावच्या बाजूला, जिथे त्यांच्या बापानं ऊस तोडला होता तिथल्याच पाटांवर ते जीपमधून फिरले. क्वार्टर कुठलीही असो, भाऊबीजेला बायडाबाई येणार म्हणजे येणार. दोन एसट्या बदलून, डोक्यावर करंज्यांचा डबा घेऊन. साहेबांच्या हाताखालचे लोक तिला बघून उठून उभे राहायचे आणि ती त्यांना विचारायची, आमचा गोरख काम करतो का नुसता हिंडतो?

मग भोकरवाडीच्या वरून जाणाऱ्या कालव्याचं अस्तरीकरण निघालं आणि ते नेमकं साहेबांच्याच वाट्याला आलं.

कालवा जुना, मातीचा. त्यातून पाणी पाझरायचं आणि त्या पाझरावर खालच्या विहिरी भर उन्हाळ्यात तुडुंब असायच्या. बायडाबाईच्या विहिरीवर मोसंबीची बाग उभी होती. पण पाण्यानं वाटेतच असं जिरायचं ठरवलं, की शेवटच्या टोकाच्या गावांना नुसता कोरडा पाट बघत बसावं लागतं. ती गावं वर्षानुवर्षं तेच करत होती. आता तळाला आणि कडांना काँक्रीट टाकून पाझर बंद करायचा आणि पाणी टोकापर्यंत न्यायचं, असं ते काम होतं. भोकरवाडीनं सभा घेतली आणि बायडाबाईला भावाकडे पाठवलं. गावापुरता तुकडा तेवढा सोडून द्यायला सांग, तुझा शब्द तो मोडणार नाही, असं म्हणून.

तिनं जेवण झाल्यावर विषय काढला. साहेबांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "आक्का, टोकाच्या गावांनी आजवर पाटाचं पाणी बघितलेलं नाही. तुझ्या विहिरीसाठी मी पाटाला भोक ठेवू शकत नाही."

ती बरं म्हणाली आणि सकाळच्या गाडीनं परत गेली.

दुसरा कुणी अभियंता असता तर काँक्रीटनं दोन पावसाळ्यांत तोंड उघडलं असतं आणि आपोआप भोकरवाडीचं भलं झालं असतं. आपल्याकडे वाईट कामानं किती गावं जगवली आहेत, याचा कुणी अभ्यास केलेला नाही. पण हे पडले गोरक्षनाथ पालवे. सिमेंटच्या गोण्या स्वतः उभं राहून फोडून घेणारे. त्यांच्या काँक्रीटमधून मुंगीला पुरेल एवढंही पाणी बाहेर आलं नाही. टोकाच्या गावांना पाणी पोचलं, त्यांनी नारळ फोडले, पाटाला साडीचोळी वाहिली. इकडे भोकरवाडीच्या विहिरी एकेक करून तळाला गेल्या. बायडाबाईनं मोसंबीची झाडं तोडून सरपणाला लावली. पहिल्या दोन दिवाळ्यांना ती तरीही आली. तिसऱ्या वर्षी आली नाही. चौथ्या वर्षी साहेबांनी गाडी पाठवली, ती रिकामी परत आली. फोन केला तर सून अश्विनी घ्यायची आणि म्हणायची, आत्या रानात गेल्यात.

साहेबांनी मग काय करावं? त्यांनी कालवा सोडला. नव्या रेल्वे लाईनचं बांधकाम चाललं होतं, तिथे प्रतिनियुक्ती मागून घेतली. लोकांना सांगितलं की नवं शिकायला मिळेल. खरी गोष्ट ही की कालव्याच्या काठानं जीप चालवताना त्यांना आता दोन्ही बाजूंना बघवत नव्हतं. रेल्वेत त्यांचं बरं जमलं. पाणी उतारानं पळतं आणि रुळाला उतार सोसत नाही, एवढाच फरक, असं ते म्हणत. आणि ती लाईन फिरत फिरत आली ती भोकरवाडीच्याच शिवारात.

रुळांखालच्या भरावाला माती लागते आणि ती जवळपासच कुठेतरी खोदावी लागते. कंत्राटदार ती इथून थोडी, तिथून थोडी उचलतो आणि मागे खड्डे सोडून जातो. साहेबांनी तसं होऊ दिलं नाही. भोकरवाडीच्या वरच्या अंगाला जे गायरान होतं, तिथे एकाच जागी, मोठी आणि खोल मातीखाण खोदायला लावली. ग्रामसभेचा ठराव घेतला. शेजारचा ओढा तिच्यात वळवला. मुरूम कुठवर खोदायचा आणि कुठे थांबायचं, हे त्यांनी आपल्या नजरेनं ठरवलं, कारण त्या मुरुमाखालून पाणी कुठल्या विहिरीकडे सरकेल हे त्यांना ठाऊक होतं. कायद्यात सगळं बसत होतं. भराव उभा राहिला, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर बायडाबाईच्या विहिरीला पाणी आलं. यंदा मोसंबी लावतोय, असं भाच्यानं, संदीपनं, फोनवर सांगितलं तेव्हा साहेब ऑफिसातच डोळे पुसत बसले होते.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच वाटली नाही. विहीर भरली, आता राग जाईल, दिवाळीला करंज्यांचा डबा येईल, इतका साधा हिशेब होता. पण आली नुसती दिवाळी. पुढच्या वर्षीही तेच. ते निवृत्त झाले तेव्हा आक्का आली नाही. माधुरीताई गेल्या तेव्हा संदीप आणि अश्विनी आले आणि आईचे गुडघे धरलेत म्हणाले. त्या दिवसापासून साहेबांच्या मनातही अढी बसली. भावजयीच्या मातीलासुद्धा जिला यावंसं वाटत नाही, ती कसली बहीण? पण अढी ठेवायलाही मागे माणसं लागतात. एकट्या माणसाची अढी टिकत नाही, तिची नुसती आठवण होऊन बसते.

तर आता ते ठरवून निघाले होते. तिला सांगायचं, की ते पाणी मी दिलंय. घेतलं होतं तेही मीच आणि परत दिलं तेही मीच, आता फिटलं म्हण. गाडीच्या मागच्या सीटवर त्यांनी एक बॅग ठेवली होती आणि तिच्यात चार दिवसांचे कपडे होते. ती बॅग त्यांनी स्वतःच्याही नजरेआड ठेवली होती म्हणायला हरकत नाही. आक्का नुसतं राहा म्हणाली असती, तर बंगळुरू राहिलं बंगळुरूच्या जागी. हा माणूस भोकरवाडीत बाज टाकून उरलेलं आयुष्य काढायला तयार होता.

ते पोचले तेव्हा सकाळ चांगली वर आली होती. अंगणात अश्विनी तूर झोडत होती. गाडी बघून ती गडबडली, पदर सावरत पाया पडली आणि आत बघून म्हणाली, "आत्या, मामा आलेत." आतून काहीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग एक दार लागलं. अश्विनीनं ओसरीवर सतरंजी अंथरली, पाणी दिलं आणि तूर तशीच टाकून चहा ठेवायला पळाली.

साहेब पाणी प्यायले. विहिरीचं होतं, गोड होतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि त्या बंद दाराकडे बघत राहिले. वीस वर्षांनी भाऊ दारात आलाय आणि ही खोलीत जाऊन कडी लावते. त्यांचे कान तापले. उठून गाडीत बसावं असं एकदा मनात आलं. पण मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण इथून उठलो तर जायला दुसरं दारच नाही. ते सतरंजीवरून सरकून त्या दाराशी जाऊन बसले.

"आक्का," ते म्हणाले, "दार उघडू नकोस. पण एक सांगतो तेवढं ऐक."

आत कुणीतरी दाराजवळ येऊन टेकल्यासारखं वाटलं.

साहेबांनी मग सगळं सांगितलं. मातीखाण कशी एका जागी घेतली, ओढा कसा वळवला, मुरूम कुठे सोडला. आयुष्यभर त्यांनी वरिष्ठांना अहवाल दिले होते आणि हाही त्यांच्या तोंडून अहवालासारखाच निघाला. चुकल्यासारखं वाटून ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "तुझ्या विहिरीचं पाणी माझंय, आक्का. आता तरी राग सोड."

"मला ठावं हाय," आतून आवाज आला. आवाज म्हातारा झाला होता, पण तोच होता. "तुजी मशीनं खड्डा खोदत हुती तवा मी बांधावर हुते. तू डोस्क्यावर पांढरी टोपी घालून हुबा हुतास. टोपी दिसल्याबरूबर मी पाठ फिरवली आन घरला आले. तोंड न्हाई बघितलं."

"एवढा राग?"

"राग कसला आलाय," ती म्हणाली. "नवस हाय."

मग तिनं सांगितलं. विहीर आटली, मोसंबी वाळली, तेव्हा ती कानिफनाथांच्या गडावर गेली होती. पाण्यासाठी नवस बोलायचा होता. नवसाला लोक काहीतरी सोडतात. कुणी गूळ सोडतो, कुणी चहा, कुणी पायातलं सोडून अनवाणी फिरतो. तिनं विचार केला, आपल्यापाशी सोडण्यासारखं काय आहे? गुळाचा खडा दिवाळीलाच बघायला मिळतो, तो सोडला काय आणि न सोडला काय. पायात तर निम्मं आयुष्य काही नव्हतंच.

"रागात हुते, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पन रागाचं मानूस देवाला देऊन चालत न्हाई, गोरख. आवडीचंच द्यावं लागतं. मी म्हनलं, नाथा, हिरीला पानी दे, मी माज्या भावाचं तोंड बघनार न्हाई. मरस्तवर न्हाई. घरी येऊन लई रडले. आन मग पानी आलं."

अश्विनीनं चहा आणून ठेवला. नवस तिलाही आत्ताच कळत होता. ती तशीच चुलीकडे जाऊन बसली. इतकी वर्षं ज्या गोष्टीला साहेब राग समजून बसले होते, तिचा हा अर्थ होता. जगात त्यांच्यावर इतकी माया दुसऱ्या कुणी केली नव्हती, आणि तीच आता कडी लावून बसली होती.

"मला सांगायचं तरी होतंस," ते शेवटी म्हणाले.

"सांगितलं असतं तर तू आला असतास. तू आला असतास तर माज्यानं राहावलं नसतं. फोनवर नुसता आवाज आयकला असता तरी पाय निघालं असतं माजं." ती थांबली. "माधुरी गेली तवा आठ दिस जेवले न्हाई मी. संदीपला इचार."

आता गोरक्षनाथ पालवे हे शेवटी अभियंता होते. गळती दिसली की बोट घालायचं, ही त्यांची जन्माची खोड. त्यांनी समजावणीच्या सुरात सुरुवात केली. आक्का, पाणी जर मातीखाणीमुळे आलं, तर ते नवसानं आलेलं नाही. आणि नवसानं आलेलं नसेल, तर नवस लागूच होत नाही. हे लहान पोरालाही पटेल.

आतून हसण्याचा आवाज आला. कोपीत पाटीवर चुकीचं अक्षर काढलं की ती अशीच हसायची.

"मग नाथ काय सोता कुदळ घेऊन येनार हुता व्हय? कुनाच्या तरी हातानंच देनार ना? त्याला सांगितलं, भाऊ घे. त्यानं घेतला, आन त्याच्याच हातानं पानी दिलं. यापरीस आनखी काय खरं असतं?"

साहेबांनी दुसरी वाट धरली. नवस उतरवता येतो, असं त्यांनी ऐकलं होतं. गडावर जाऊ, पुजाऱ्याला विचारू, अन्नदान करू, जे लागेल ते करू. लोक करतातच की.

"आन पानी परत घेतलं तर?" आता तिचा आवाज कडक झाला. "त्या हिरीवर माजंच घर न्हाई. शेजारच्या भीमाचं आन श्रीमंताचं बी हाय, खालची समदी वस्ती पिते. मला भावाचं तोंड बघायचंय म्हनून त्यांच्या घागरी पालथ्या घालू? तूच सांग. तू केलं असतंस?"

साहेबांनी स्वतः जन्मभर याच मापानं मोजलं होतं आणि आता ते माप त्यांच्या अंगावर आलं होतं. रंभाजीची दोन्ही लेकरं एकाच घाटाची निघाली होती, त्याला कोण काय करणार? त्यांना एकाच वेळी बहिणीचा अभिमान वाटला आणि इतकं एकटं वाटलं, की त्यांनी दाराच्या फळीवर तळहात टेकवून ठेवला. चहावर साय धरली.

मग तीच बोलली. आवाज आता मऊ झाला होता.

"लेकीकडं चाललास म्हनं. अश्विनीनं सांगितलं."

"हो."

"जा. एकला राहू नको. पन मी गेले की ये. संदीप फोन करंल. तवा माजं डोळं मिटलेलं असत्याल, नवस मोडायचा न्हाई. तोंडात पानी घाल तुज्या हातानं. आन माह्यारचं लुगडं आनायचं तुलाच हाय, दुसरं कोन हाय मला?"

साहेबांनी, काहीतरी विचारलं पाहिजे म्हणून, विचारलं, "रंग कोणता आणू?"

तिनं खरंच विचार केला. दारामागून तिचा श्वास ऐकू येत होता.

"मोरपंखी," ती म्हणाली. "रांडमुंडीला कसलं म्हनून लोक बोलतील, बोलू दे. आन तुज्या सवयीनं लई टिकाऊ बघत बसू नको. एका दिसाचं काम हाय."

साहेब हसले. हसता हसताच ते आवाज न करता रडायला लागले. अंगणात कोंबड्या तुरीत शिरल्या होत्या, त्यांना हाकलायला अश्विनी उठली नाही.

"गोरख," आतून हाक आली. "जा आता. तू बसलास तंवर मला भाईर येता येत न्हाई. जनावरास्नी पानी दावायचं ऱ्हायलंय."

साहेबांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. कप उचलून चुलीजवळ नेऊन ठेवला, चपला घातल्या, आणि तिला अंगणात यायला मोकळीक व्हावी म्हणून गाडी लवकर वळवून घेतली.